आठ पायांच्या गुदगुल्या

आमच्या न्हाणीघरात गेले तीन आठवडे एक कोळीण मुक्कामाला आहे. गीझरच्या डाव्या अंगाला, ओलीनं भिंतीचा रंग पापुद्र्याला आलाय तिथे, ती बसलेली असते. पाय पसरले तर माझ्या तळहाताएवढी, आणि अंगानं अशी चपटी की कुणी इस्त्री करून भिंतीला लावून ठेवली असावी. पोटाखाली एक पांढरी चकती धरली आहे, जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढी. त्या चकतीत तिची अंडी आहेत. पहिल्यांदा आमची नजरानजर झाली तेव्हा माझ्या अंगाला साबण होता, थोडा डोळ्यांत होता आणि हातात फक्त तांब्या होता. माणूस इतका निःशस्त्र दुसऱ्या कुठल्या प्रसंगी असतो, मला आठवत नाही. तेव्हापासून मी तिच्याकडे तोंड करून आंघोळ करतो. पाठ फिरवणं बरं दिसत नाही. आदर म्हणा हवं तर.

पुस्तकात तिचं नाव हेटरोपोडा व्हेनेटोरिया असं दरबारी आहे. ही जात जाळं विणत नाही. रात्री पायी हिंडून झुरळं पकडते आणि दिवसा भिंतीवर चिंतन करते. माणसाला तिच्यापासून धोका नाही. हे मला ठाऊक आहे. माझ्या मानेवरच्या केसांना ते अजून कुणी सांगितलेलं नाही, एवढीच अडचण.

मागच्या शनिवारी सोसायटीच्या कंत्राटातला पेस्ट कंट्रोलवाला मुलगा आला. मिसरूड नुकतं फुटलेलं, खांद्याला पिशवी, हातात झुरळांच्या औषधाची सिरिंज. ओट्याखाली, सिंकमागे, कपाटाच्या बिजागऱ्यांना त्यानं मोहरीएवढे ठिपके दिले, एखादी सुगरण पाकातल्या पुऱ्यांवर केशर ठेवते तितक्या हलक्या हातानं. मग मी त्याला न्हाणीघराशी नेलं. त्यानं दारातूनच वर पाहिलं आणि म्हणाला, "सर, कोळी पॅकेजमध्ये नाही." मी विचारलं, पॅकेजमध्ये काय काय आहे? झुरळं आणि मुंग्या आहेत, वाळवीचे वेगळे, ढेकणांचे वेगळे, उंदरांचं बोलून ठरवावं लागेल. "आणि कोळी?" "कोळी कशातच नाही, सर." हे बोलताना तो एक पाऊल मागे सरकला होता. "तुला भीती वाटते का रे?" "नाही सर," तो म्हणाला आणि थोडं थांबला. "म्हणजे... पॅकेजमध्ये नाही ना."

तो गेल्यावर मला एकदम जॉन गुडमन आठवला. 'अ‍ॅरॅक्नोफोबिया' नावाच्या सिनेमात तो असाच कीटक मारणारा माणूस झाला आहे. देह दाराच्या चौकटीत मावत नाही, पाठीला औषधाची टाकी, आणि चाल अशी की गावात दरोडेखोर शिरलेत आणि हा एकटाच फौजदार आहे. सिनेमा 1990 चा. आमच्या घरात तो दोन वर्षांनी, मे महिन्याच्या सुट्टीत आला, भाड्याच्या व्हीसीआरवर, एका रात्रीत तीन कॅसेटी या हिशेबानं. पहिल्या दोन कॅसेटी घरच्यांच्या, एक मराठी आणि एक हिंदी. तिसरी मुलांच्या आवडीची, म्हणजे इंग्रजी. तिच्यावरचं नाव दुकानदाराला वाचता येईना. त्यानं सरळ सांगितलं, "ते कोळ्यांचं आहे."

मराठी भाषेनं आमच्या घराला त्या रात्री चकवलं ते असं. कोळ्यांचं म्हटल्यावर वडील म्हणाले, "मासेमारीवर असेल. चांगलं असतं परदेशी लोकांचं. सगळ्यांनी बघा." आणि आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसलेल्या आत्याला हाक मारली, "अक्का, ये बाहेर, तुझ्या गावाकडचं आहे." आत्या गुहागरच्या बाजूची, म्हणजे तिथे दिलेली. यजमान गेल्यावर एक पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्या दोन खोल्यांत आली आणि राहिली. समुद्र सोडून आलेली माणसं जसं बोलतात तसं ती बोलायची, म्हणजे समुद्राविषयी काहीच नाही. पण त्या रात्री ती पदर खोचून सर्वांत पुढे बसली. तिच्या लेखी कोळीण म्हणजे सकाळी टोपली घेऊन दाराशी येणारी बाई. लहानपणी एकदा मी घाबरून "आत्या, मोरीत कोळीण आहे!" असं ओरडलो होतो, तेव्हा ती आतून म्हणाली होती, "तिला बसव, पाणी दे, आणि बांगडे आहेत का विचार."

सिनेमा सुरू झाला. व्हेनेझुएलातलं जंगल, ढगांतून वर आलेले सपाट माथ्याचे डोंगर, आकाशातून सुटल्यासारखे धबधबे. "समुद्र कधी येतो?" आत्यानं विचारलं. येईल, वडील म्हणाले. मग झाडांवरून किडे पडले, शास्त्रज्ञांनी ते बाटल्यांत भरले, एक भलामोठा कोळी तंबूत शिरला आणि त्यानं एका छायाचित्रकाराला डसून मारलं. वडिलांच्या चेहऱ्यावर आपली कुठेतरी चूक झाल्याची पहिली छटा उमटली ती तेव्हा. मेलेल्या माणसाची शवपेटी कॅलिफोर्नियातल्या त्याच्या गावी निघाली, आणि त्या पेटीत, कुणाच्या नकळत, कोळीही निघाला. आई म्हणाली, "बंद करा हो." पण आत्या हललेली नव्हती. तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि त्यामुळेच असेल, सगळ्यांत आधी गोष्ट कळली ती तिला. "पेटीतून आला बिचारा," ती म्हणाली. "काय करील? नेलं तिकडे गेला."

त्यानंतरचा दीड तास आमच्या घरात दोन सिनेमे चालू होते. पडद्यावरचा भयपट आम्ही मुलं उशी तोंडाशी धरून बघत होतो, आणि आत्या एक कौटुंबिक चित्रपट बघत होती. त्यात एक परकं जनावर नव्या गावी येतं. येताच एक कावळा त्याला चोचीत उचलतो आणि आकाशातून मरून पडतो. आत्या: "अरे देवा, कावळा शिवला आणि कावळाच गेला!" पडतो तो नेमका डॉक्टरच्या गोठ्यापाशी. तिथे कोळ्याला एक गावठी कोळीण भेटते. आत्या: "बघ, इथलीच केली. शहाणा आहे." मग लेकुरवाळं घर, शेकडो पोरं, पोरं गावात कामधंद्याला बाहेर पडलेली. डॉक्टर सॅन फ्रान्सिस्कोचा धकाधकीचा संसार सोडून गावात शांतता शोधायला आलेला. त्याला लहानपणापासून कोळ्यांचं भय, पाळण्यात असताना एक अंगावरून चालत गेला होता म्हणून. त्याचे रोगी पटापट मरू लागतात आणि गाव त्यालाच बोल लावतं. जेफ डॅनियल्सनं त्या डॉक्टरचा केविलवाणेपणा इतका गोड केला आहे की भीती वाटायच्या जागी त्याला चहा विचारावासा वाटतो. आत्याचं निदान एका शब्दाचं होतं: "पायगुण."

एकाच प्रसंगी ती पडद्यावर ओरडली. गावचा म्हातारा डॉक्टर आपल्याच घरात, निवांत, सपातांत पाय घालणार असतो. सपाता जमिनीवर जोडीनं ठेवलेल्या. एकीत कोण बसलंय ते आपल्याला माहीत आणि त्याला नाही. आम्ही श्वास धरलेला, आणि आत्या अर्धी उठून, हात पुढे करून, "अरे मेल्या, झाड ती आधी! झाड!" त्यानं झाडली नाही. आत्या खाली बसली आणि बराच वेळ त्या माणसावर रागावलेली राहिली. पाहुण्याचा तिला राग नव्हता. सपाता न झाडणाऱ्याचा होता. कारण ती स्वतः आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतही चप्पल उलटी करून जमिनीवर दोनदा आपटल्याशिवाय पायात घालत नसे. आम्हाला तो तिचा विनोदी विधी वाटायचा.

तो विधी विनोदी नव्हता, हे पुष्कळ नंतर समजलं. कोकणात लाल विंचू आहे, आणि तो कुठल्याच दिग्दर्शकाचा नोकर नाही. तिच्या सासरच्या वाडीत एका पावसाळ्याच्या तोंडाशी शेजारचं पोर संध्याकाळी सरपण आणायला गेलं आणि पहाटेपर्यंत गेलं. हे तिनं एकदाच, डाळ पाखडता पाखडता, एका वाक्यात सांगितलं होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रोग्यांशेजारी रात्री जागून काढल्या, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर लागू पडतं हे दाखवून दिलं, आणि जिथे दहांतले तीन-चार दगावायचे तिथे मरण हा अपवाद ठरला. त्याआधीच्या काळात वाढलेल्या माणसांच्या चपला दोनदा आपटल्या जाणारच. आणि तरीही, की त्यामुळेच, याच मुलखानं विंचवावर हसण्याची सोय चारशे वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. एकनाथांचं विंचवाचं भारूड रंगात आलं की सोंग घेतलेला माणूस लोळतो, विव्हळतो, प्रेक्षक पोट धरून हसतात, आणि तो विंचू म्हणजे आपल्यातलेच काम-क्रोध आहेत हे कळेपर्यंत हसू ओठांवर वाळत आलेलं असतं. पुढे 1993 साली 'झपाटलेला'त महेश कोठारेंनी रामदास पाध्यांच्या बाहुलीत भूत भरलं तेव्हा त्या भुताचं नावही तात्या विंचूच ठेवलं. मराठी माणसाला आठ पायांवर चालणारा भयविनोद नवा नाही, तो फक्त डंखाच्या बाजूनं आला.

कोळ्याचं प्रकरण वेगळं. तो बिचारा जवळजवळ निर्दोष आहे. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि माणसाचं खरोखर काही वाकडं करू शकतील अशा अगदी मोजक्या. सिडनीचा फनेल-वेब त्यांत सर्वांत बदनाम. पण त्याच्या विषावरचा उतारा 1981 साली आला आणि तेव्हापासून त्याच्या दंशानं कुणी मेल्याची नोंद नाही. म्हणजे सिनेमातला खुनी कोळी ही जवळपास पूर्णपणे आपण चालवलेली खोटी केस आहे. मला तर वाटतं, हसू येतं ते याच फटीतून. आपलं भय केवढं आणि आरोपी केवढासा! फिर्यादी खुर्चीवर चढून उभा, आणि आरोपी भिंतीवर, वकिलाविना.

आणि त्या सिनेमातले आरोपी तर विशेषच गरीब होते. गावभर हिंडून माणसं मारणारे ते कोळी न्यूझीलंडहून आणलेले, डेलेना कॅन्सराइड्स जातीचे. मूळचे ऑस्ट्रेलियातले. ऑकलंडच्या अ‍ॅव्हॉन्डेल नावाच्या उपनगरात वस्ती करून राहिले, म्हणून तिकडे त्यांना अ‍ॅव्हॉन्डेल कोळी म्हणतात. दिसायला भले दांडगे, चावायला नाखूष. कोळी हा एकलकोंडा, शेजाऱ्याला खाऊन टाकणारा प्राणी. हे मात्र झाडाच्या एका सालीखाली शेकड्यानं एकत्र नांदतात. थोडक्यात, खुन्यांची टोळी हवी म्हणून सगळ्या जगातून शोधून आणलं ते एक एकत्र कुटुंब. चित्रीकरणात त्यांना ऊब आणि गारवा देऊन हवं तिकडे वळवलं जाई, थंडीत म्हातारी माणसं उन्हाच्या पट्ट्याबरोबर सरकतात तसे ते सरकायचे. टोळीच्या नायकाच्या कामाला एक पक्षीभक्षी टॅरंटुला होता. त्याचं नाव दिग्दर्शकानं आपल्या मित्रावरून, म्हणजे रॉबर्ट झेमेकिसवरून, 'बिग बॉब' ठेवलेलं. आणि हे अ‍ॅव्हॉन्डेलवाले माझ्या न्हाणीघरातल्या बाईंच्याच कुळातले, स्पॅरॅसिडी घराण्यातले, हे वाचलं तेव्हा मी तांब्या खाली ठेवून तिच्याकडे नव्यानं पाहिलं. हॉलिवूडमध्ये भाऊबंद असून ही इथे गीझरशेजारी, भाड्यानं.

फ्रँक मार्शल हा त्या सिनेमाचा दिग्दर्शक. त्याचा हा पहिलाच सिनेमा. पण कोळ्यांशी त्याची ओळख आधीची. 1981 च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'चा तो निर्माता होता, आणि त्यात आल्फ्रेड मोलिनाच्या पाठीवर टॅरंटुला चढलेले दिसतात. मोलिना पुढे सांगायचा की ते कोळी नुसते बसून राहिले, हलेचनात. कोळी सांभाळणाऱ्यानं खुलासा केला की हे सगळे पुरुष आहेत. मग त्यांच्यात एक मादी सोडली आणि पाठीवर एकदम लगीनघाई उडाली. पडद्यावर आपण ज्याला मृत्यूची सळसळ समजून डोळे मिटले, ती त्या मंडळींची निव्वळ वराकडची धांदल होती. खरं तर इथेच मार्शलनं ओळखलं असावं की कोळ्याचा भयपट हा आतून विनोदीच असतो. त्याच्या सिनेमाची जाहिरात करताना 'थ्रिलोमेडी' असा एक ओढूनताणून जोडलेला शब्दही काढला होता. शब्द काही टिकला नाही. अशा लग्नात नवरानवरी सुखी असतात, आडनावच तेवढं कुणाला उच्चारता येत नाही.

बाकीच्या चुलतभावंडांबद्दल फार सांगत नाही. 1955 च्या 'टॅरंटुला'त प्रयोगशाळेतल्या पौष्टिक आहारानं कोळी डोंगराएवढा होतो आणि शेवटी विमानातून त्याच्यावर आग टाकायला जो वैमानिक येतो तो तरुण क्लिंट ईस्टवुड आहे, श्रेयनामावलीतही नाव नसलेला. 1975 च्या 'द जायंट स्पायडर इन्व्हेजन'मधला कोळी म्हणजे फोक्सवॅगन बीटल गाडीवर केसाळ पाय बसवलेले; तो धावून येतो तेव्हा आपल्याला भीती वाटते ती त्याला पार्किंग मिळेल का याची. सगळ्यांत लाडका मात्र 'एट लेग्ड फ्रीक्स', 2002 चा. दिग्दर्शक एलरी एल्काएम, न्यूझीलंडचा. त्या बेटांचं आणि कोळ्यांचं काहीतरी गूळपीठ आहे खास. अ‍ॅरिझोनातलं एक बुडालेलं गाव, त्याचं नाव 'प्रॉस्पेरिटी', म्हणजे आपल्याकडे भिकारवाडीला लक्ष्मीनगर म्हणतात तसं. रासायनिक कचरा पाण्यात पडतो, ते पाणी प्यालेले रातकिडे कोळ्यांना खाऊ घातले जातात आणि कोळी ट्रकएवढे होतात. एक शहामृगांचा वाडा ते फस्त करतात. ते बोलल्यासारखे चिरकतात, कुरकुरतात, आपटले तर विव्हळतात, आणि मोटरसायकलींचा पाठलाग करताना शाळा सुटलेल्या पोरांसारखे उड्या मारत जातात. स्कार्लेट जोहान्सन त्यात एवढीशी पोरगी आहे.

कचरा पाण्यात पडला नि कोळी वाढले, ही कथा फारच पोरकट आहे असं मी एकदा म्हणालो होतो. मग 'सुश्रुतसंहिते'च्या कल्पस्थानात कोळ्यांच्या जन्माची हकिगत वाचली. विश्वामित्रानं वसिष्ठाला संताप आणला, वसिष्ठाच्या कपाळावरून घामाचे थेंब ओघळले, ते गाईसाठी कापून ठेवलेल्या गवतावर पडले, आणि त्यांतून विषारी कोळी उपजले, मोजून सोळा प्रकारचे. कापलेलं ते 'लून', म्हणून कोळ्याचं नाव 'लूता'. एल्काएमनं हे वाचलं असतं तर रसायनाचा खर्च वाचला असता. आणि गंमत म्हणजे याच संस्कृतात मुंडकोपनिषदकाराला जग कसं निर्माण होतं हे सांगायचं झालं तेव्हा त्यानंही कोळीच हाताशी धरला, आपल्यातूनच धागा काढणारा आणि आपल्यातच मागे घेणारा. एकाच जनावरात एकाला ब्रह्म दिसलं आणि दुसऱ्याला ऋषीचा घाम. दोघांपैकी न्हाणीघरात साबण लावून उभा कोण होता, त्यावर ते अवलंबून असणार.

पण मला आत्याकडे परत जायचं आहे, कारण या सगळ्याचं खरं मर्म मला तिच्या हातात सापडतं. आम्ही अगदी लहान असताना ती एक खेळ खेळायची. आमचा तळवा आपल्या हातात घ्यायची, त्यात बोट फिरवून लटका भात कालवायची, घरातल्या सगळ्यांना एकेक घास वाटायची, आणि मग तिची दोन बोटं मनगटावरून चालायला निघायची. सावकाश. कोपरापाशी थांबायची, इकडेतिकडे बघितल्यासारखं करायची. पुन्हा दोन पावलं. दंडापाशी पोचेपर्यंत आम्ही ओरडायला लागलेलो असायचो. काखेतल्या गुदगुल्या तर अजून झालेल्याही नसायच्या! किंकाळी आणि हसू एकाच घशातून, एकाच वेळी, एकमेकांना ढकलत बाहेर यायची, आणि हात काही आम्ही मागे घ्यायचो नाही. बोटं थबकली की आम्हीच म्हणायचो, "पुढे! पुढे!"

मार्शलनं केलंय ते एवढंच. त्याची आठ बोटं दिव्याच्या झाकणाआतून उतरतात, न्हाणाऱ्या मुलीच्या अंगावर ठिबकतात, टीव्हीसमोर बसलेल्या जोडप्याच्या लाह्यांच्या वाडग्यात दडतात, आणि थांबतात. वाघ आला तर माणूस पळतो, भूत आलं तर गारठतो. पण ज्याचा स्पर्शच गुदगुलीचा आहे असा राक्षस जगात एकच. कोळी मानेवर चढला म्हणजे मान आधी हसायच्या बेतात असते आणि मग तिला आठवतं, घाबरायचं होतं. वर आपलीच बोटं आपल्याच काखेत कितीही चालवली तरी गुदगुल्या होत नाहीत. त्याला दुसऱ्याचा हात लागतो. म्हणून की काय, हे सिनेमे मी पुढे एकट्यानं पाहिले तेव्हा ते मला नुसते बरे वाटले. शेजारी कुणी ओरडणारं हवं, कुणी "बंद करा हो" म्हणणारं, आणि कुणीतरी एक, कोळ्याच्या बाजूचं.

सिनेमाच्या शेवटी डॉक्टर तळघरात फडताळाखाली अडकतो. भोवती फुटलेल्या उंची दारूच्या बाटल्या, हातात खिळे मारायचं यंत्र, आणि जन्मभराचं भय समोरून चालत येतं. तो कोळ्याला जाळतो, अंड्यांचा कोष जाळतो, आणि सुटतो. आम्ही टाळ्या वाजवल्या. आत्या उठली. "पोरंसुद्धा?" एवढंच म्हणाली, आणि दूध झाकायचं राहिलं म्हणून आत गेली. पुढचा प्रसंग तिनं पाहिलाच नाही. डॉक्टर कुटुंबासह सॅन फ्रान्सिस्कोला परततो, आता निवांत, हुश्श, आणि जमीन हादरायला लागते. तिथल्या प्रेक्षकांना 1989 च्या ऑक्टोबरातला भूकंप ताजा होता; ते हसले असतील ते आत्याच्या खेळातल्यासारखंच. आमच्याकडे मुंग्या आलेल्या पडद्याकडे बघत वडील फक्त म्हणाले, "मासेमारी नव्हती."

समुद्र आला नव्हता, त्याचं आत्याला वाईट वाटलं का, कोण जाणे. ते गाव म्हणून जे दाखवलं आहे ते कॅलिफोर्नियातलं कॅम्ब्रिया आहे, प्रशांत महासागराच्या काठावरचं, हे मला वीस वर्षांनी कळलं. म्हणजे तिचा समुद्र तिथेच होता, कॅमेरा जरा वळता तर. तोपर्यंत सांगायला ती नव्हती.

सिनेमा पाहिला त्या वर्षीच्या दिवाळीत घर झाडायचं काम माझ्याकडे होतं. काठीला हिराची केरसुणी बांधून मी जळमटं काढत फिरत होतो, आणि आत्याच्या कोपऱ्यात आलो तेव्हा तिनं हात आडवा घातला. ट्रंकेमागचं एक जाळं तसंच ठेवायचं होतं. का, विचारलं तर म्हणाली, "तेवढी जागा लागते कुणाला तरी." मग बाकीचा कोपरा तिनं स्वतः ओल्या फडक्यानं असा लख्ख पुसला की आईला जळमट दिसूनही बोलायला जागा राहिली नाही.

काल संध्याकाळी न्हाणीघरात गेलो तर गीझरशेजारी कुणी नव्हतं. बादलीमागे पाहिलं, दाराच्या वर पाहिलं, टॉवेल दोनदा झटकला. भिंतीवर फक्त ती पांढरी चकती होती, रिकामी, कडेला फाटलेली, पानाच्या पुडीच्या कागदासारखी. आणि छताच्या कोपऱ्यात, दिव्याच्या उजेडात बारकाईनं पाहिलं तेव्हा, मोहरीएवढे पुष्कळ ठिपके हळूहळू पांगत होते, प्रत्येकाला आठ पाय. मी अंगावर पहिला तांब्या घेतला आणि त्याच क्षणी मानेवरून काहीतरी चालत गेलं. मी जो ओरडलो तो खालच्या मजल्यापर्यंत. टॉवेलचा सुटलेला दोरा होता. "काय झालं?" बायकोनं बाहेरून विचारलं, आवाजात हसू दाबलेलं.

"काही नाही," मी म्हणालो. "बाळंतीण सुटली."

थोडा वेळ बाहेर शांतता. मग दाराला तोंड लावून ती म्हणाली, "किती?"

मी मोजायला लागलो.